संत इग्नेशियस लोयोला आणि नववर्षाचा संकल्प

नूतन वर्षाचा उदय झाला म्हणजे भिंतीवर नवें दिनदर्शक लागतें, कोरी रोजनिशी हातीं येते आणि मनुष्याच्या मनांत संकल्पांची गर्दी उसळते. विद्यार्थी ठरवितो कीं, यंदा पहांटे उठून अभ्यास करावयाचा. गृहस्थ ठरवितो कीं, क्रोध आवरावयाचा. कॅथॉलिक कुटुंबांत तर ख्रिस्तजन्माच्या सणाचा आनंद ताजा असतांनाच ठरतें कीं, सायंप्रार्थना चुकवावयाची नाहीं, रविवारची मिस्सा टाळावयाची नाहीं, प्रभूवरील आपला विश्वास अधिक दृढ करावयाचा. संकल्प उत्तमच. परंतु संक्रांतीचा तिळगूळ वांटून होतो न होतो तोंच त्यांतील पुष्कळसे रोजनिशीच्या पहिल्या पांचसात पानांबरोबर मागें पडतात, हा अनुभव घरोघरचा आहे.

असें कां व्हावें? संकल्प करणाराची इच्छा खोटी असते असें आम्हांस वाटत नाहीं. उणीव असते ती रीतीची. विश्वास वाढवावयाचा म्हणजे उद्यां सकाळीं उठल्यापासून नेमकें काय करावयाचें, हें ठरलेलें नसतें. आणि जें ठरलेलें नसतें तें सहसा घडतही नाहीं. सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं एका जन्मजात कॅथॉलिक सरदारपुत्रानें हाच प्रश्न स्वतःच्या जिवाशीं झगडून सोडविला. ते संत इग्नेशियस लोयोला होत. ख्रिस्तजन्मापासून आठव्या दिवशीं, म्हणजे आपल्या गणनेप्रमाणें एक जानेवारीस, बेथलेहेमच्या बालकास येशू हें नांव देण्यांत आलें; आणि पुढें संत इग्नेशियस यांनीं आपल्या संघास तेंच नांव दिलें. तेव्हां वर्षारंभीं त्यांच्या चरित्राचें स्मरण करणें उचितच होईल. हें चरित्र सांगतांना आम्ही विशेषेंकरून एकच गोष्ट पाहणार आहों: मनुष्याचा विश्वास खोल जातो तो कोणत्या वाटेनें.

उत्तर स्पेनमध्यें बास्क लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. त्यांतील गिपुस्कोआ प्रांतीं, आस्पेतिया गांवाजवळ, लोयोला नांवाची एक जुनी गढी आहे. त्या गढींत इ. स. १४९१ च्या सुमारास या बालकाचा जन्म झाला. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याचें नांव इनिगो ठेविलें होतें. इग्नेशियस हें नांव त्यानें पुष्कळ वर्षांनीं धारण केलें. घरांत भावंडें अनेक, आणि इनिगो सर्वांत धाकटा. घराणें मानी, शूर आणि कॅथॉलिक. धर्म त्या घरीं होता, पण तरुण इनिगोपुरता बोलावयाचें तर तो भिंतीवर टांगलेल्या पूर्वजांच्या ढालीसारखा होता: वडिलोपार्जित, मानाचा, आणि रोजच्या वापरांत नसलेला.

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं त्याला आरेव्हालो येथें, कास्तील राज्याच्या मुख्य खजिनदाराच्या वाड्यांत पाठविण्यांत आलें. तेथें तो दरबारी रीतिरिवाज शिकला. त्याचें अक्षर वळणदार होतें, पोषाखाची त्याला हौस होती, आणि शस्त्रविद्येंत नांव कमवावें हीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. द्यूत, द्वंद्वयुद्ध व तारुण्यसुलभ विलास यांपासूनही तो अलिप्त नव्हता. १५१७ सालीं त्याचा धनी वारला, तेव्हां त्यानें नाव्हार प्रांताचे राजप्रतिनिधि असलेल्या नाहेराच्या ड्यूकची चाकरी पत्करली. या काळाविषयीं वृद्धपणीं बोलतांना त्यांनीं कांहींही झांकून ठेविलें नाहीं. आपण जगाच्या पोकळ डौलांत गुरफटलों होतों, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें.

१५२१ सालीं फ्रेंच सैन्य नाव्हारची राजधानी पांप्लोना हिच्यावर चालून आलें. शत्रूचें बळ मोठें. किल्ला खालीं करावा, असें इतर अधिकाऱ्यांचें मत पडलें. इनिगोनें मात्र हट्ट धरून सर्वांस लढावयास लाविलें. २० मे १५२१ रोजीं तोफेचा गोळा त्याच्या पायांवर आदळला. उजव्या पायाचें हाड चुरलें, डावा पायही जखमी झाला. तो पडला आणि त्याच्या पाठोपाठ किल्लाही पडला. फ्रेंचांनीं त्याच्या शौर्याचा मान राखून औषधोपचार केला व कांहीं दिवसांनीं त्याला डोलींत घालून लोयोलास पोंचतें केलें.

तेथें असें दिसून आलें कीं, हाड वेडेंवांकडें जुळलें आहे. तें पुन्हां मोडून बसवावें लागलें. भुलीचें औषध त्या काळीं नव्हतें; परंतु मुठी आवळून धरण्यापलीकडे त्यानें वेदनेचें कांहींही चिन्ह दाखविलें नाहीं. प्रकृति इतकी ढासळली कीं, संत योहानाच्या सणाच्या सुमारास त्याला शेवटचे संस्कार देण्यांत आले. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या आदल्या रात्रीं उतार पडला आणि तो वांचला. वांचल्यावर त्यानें काय केलें? गुडघ्याखालीं हाडाचा एक उंचवटा राहिला होता. त्यामुळें दरबारी पद्धतीचे तंग बूट नीट बसले नसते. एवढ्याकरितां त्यानें तो उंचवटा करवतीनें कापून घेतला! मरणाच्या दारांतून परत आलेला मनुष्य बुटांसाठीं हाड कापवून घेतो, यावरून संकट आलें म्हणजे माणूस आपोआप सुधारतो ही समजूत किती भ्रामक आहे, हें वाचकांनीं ओळखावें.

बिछान्यावर पडून दिवस जाईनात. इनिगोनें शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. गढींत तसलें एकही पुस्तक सांपडलें नाहीं. मिळालीं तीं दोन पुस्तकें: एक साक्सनीच्या लुडोल्फ नामक संन्याशानें लिहिलेलें ख्रिस्ताचें चरित्र आणि दुसरा संतचरित्रांचा संग्रह. दुसरें कांहींच नाहीं म्हणून तो तींच वाचूं लागला. पुस्तक खालीं ठेविलें म्हणजे त्याचें मन दोन दिशांनीं धांवे. कधीं तो एका थोर कुळांतील स्त्रीच्या सेवेंत आपण कोणते पराक्रम करूं याचीं स्वप्नें तासन् तास रंगवी. कधीं संत फ्रान्सिस व संत डोमिनिक यांनीं जें केलें तें आपल्यानें कां होऊं नये, असा विचार करी.

येथें एक लहानशी गोष्ट घडली आणि तिनेंच पुढील सर्व इतिहास घडविला. इनिगोच्या लक्षांत आलें कीं, दोन्ही प्रकारचीं स्वप्नें पाहत असतांना सुखच वाटतें. पण तीं संपल्यावर मनाची जी स्थिति राहते ती सारखी नसते. जगाच्या कीर्तीचे विचार ओसरले म्हणजे मन कोरडें व असंतुष्ट राहतें. ख्रिस्ताच्या सेवेचे विचार ओसरल्यावरही शांति व उल्हास मागें उरतात. विचार कोठून येतो हें तो मागें काय ठेवून जातो यावरून ओळखावें, हा शोध त्यास रोगशय्येवर लागला. तोंवर त्यानें शत्रूच्या हालचालींवर नजर ठेविली होती. आतां तो स्वतःच्या मनावर नजर ठेवावयास शिकला. पाय बरा होत असतां त्यानें त्या दोन पुस्तकांतील वेंचे उतरून काढिले. प्रभूचीं वचनें तांबड्या शाईनें आणि पवित्र मातेचीं निळ्या शाईनें, अशीं सुमारें तीनशें पानें त्यानें आपल्या सुंदर अक्षरांत भरलीं.

१५२२ च्या आरंभीं इनिगो घर सोडून निघाला. त्याचा विश्वास आतां पेटला होता. पण तो अजून खोल गेला नव्हता. वाटेंत घडलेला एक प्रसंग ही गोष्ट फार स्पष्ट करितो. रस्त्यानें एक मूर, म्हणजे मुसलमान वंशाचा प्रवासी, त्यास भेटला. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयीं दोघांचा वाद झाला आणि तो प्रवासी पुढें निघून गेला. इनिगोला वाटलें कीं, स्वर्गीय राणीचा अपमान आपण मुकाट्यानें ऐकून घेतला. त्या मनुष्याचा पाठलाग करून त्याला कट्यारीनें भोंसकावें. करावें कीं न करावें याचा निर्णय होईना, म्हणून वाट फुटली त्या ठिकाणीं त्यानें खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर त्या प्रवाशाच्या गांवाकडे न वळतां हमरस्त्यानें गेलें आणि एक निरपराध जीव वांचला. पुढें हा प्रसंग त्यांनीं स्वतःच आपल्या तेव्हांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितला आहे. उत्साह आणि विश्वास या दोन निराळ्या वस्तु आहेत. उत्साहाच्या हातीं कट्यार असते, आणि विवेक मात्र खेचराकडे सोंपविलेला असतो!

मोंसेरात पर्वतावरील मठांत पवित्र मातेची प्रसिद्ध मूर्ति आहे. तेथें पोंचल्यावर इनिगोनें तीन दिवस खर्चून आपल्या सर्व आयुष्याचें पापनिवेदन केलें. मार्च २४ च्या रात्रीं त्यानें आपलीं भारी वस्त्रें एका भिकाऱ्यास दिलीं, स्वतः गोणपाटाचा झगा घातला, तरवार व कट्यार मातेच्या वेदीजवळ ठेविली आणि उभ्यानें व गुडघ्यांवर सारी रात्र जागून काढिली. पहांटे तेथून निघाल्यावर मागून एक मनुष्य धांवत आला. हीं वस्त्रें आपण त्या भिकाऱ्यास खरोखर दिलीं काय, असें तो विचारूं लागला. कारण चोरीचा संशय येऊन त्या बापड्यास त्रास झाला होता. तें ऐकून इनिगोच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. आपल्या दानाचाही दुसऱ्यास जाच होऊं शकतो, हा त्या नव्या यात्रेकरूस मिळालेला पहिला धडा होता.

जवळच्या मानरेसा गांवीं ते सुमारें दहा-अकरा महिने राहिले, आणि त्यांच्या आयुष्यांतील खरी लढाई येथें झाली. आपण जसे नव्या वर्षाचे मोठमोठे संकल्प करितों तसेच त्यांनीं केले, आणि ते अक्षरशः पाळलेही. भिक्षा मागून खावें, मांस व मद्य वर्ज्य करावें, रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करावी, केस व नखें वाढूं द्यावीं, कारण पूर्वीं त्यांचाच अभिमान वाहिला होता! पहिले कांहीं महिने मन शांत होतें. मग एकाएकीं सर्व गोडी आटली. पापनिवेदन पूर्ण झालें नाहीं, अमुक सांगावयाचें राहिलें, तमुक नीट सांगितलें नाहीं, अशा शंकांनीं त्यांना घेरलें. पुन्हां पुन्हां पापनिवेदन करावें, पण समाधान नाहीं. निराशा इतकी वाढली कीं, प्राण द्यावा असे विचार मनांत घोळूं लागले. तें पाप आहे एवढ्या जाणिवेनेंच ते मागें फिरले. देव शांति देईपर्यंत अन्न घ्यावयाचें नाहीं, असा निश्चय करून त्यांनीं एक आठवडा कडकडीत उपास केला. धर्मगुरूंनीं तो मोडावयास सांगितला, आणि त्यांनीं आज्ञा पाळली.

या आज्ञापालनानंतर ते आपल्या जुन्या शोधाकडे वळले. या शंका मागें काय ठेवून जातात? निराशा, कंटाळा आणि सर्व सोडून द्यावें अशी इच्छा. मग त्या देवाकडून येत नाहींत! हें उमगतांच जुनीं पापें पुन्हां उगाळावयाचीं नाहींत असें त्यांनीं ठरविलें, आणि त्यांची त्या यातनेंतून सुटका झाली. केस व नखें ते पुन्हां कापूं लागले. मांस वर्ज्य करण्याचा हट्टही सुटला. देव आपल्याला शाळेंतल्या मुलाप्रमाणें एकएक धडा देऊन शिकवीत होता, असें या दिवसांविषयीं त्यांचें मत होतें. एके दिवशीं कार्दोनेर नदीच्या कांठीं पाण्याकडे पाहत बसले असतां त्यांच्या बुद्धीचे डोळे उघडले. दृष्टांत असा कांहीं दिसला नाहीं. पण श्रद्धेचीं व विद्येचीं अनेक सत्यें त्यांना इतक्या स्पष्टपणें कळलीं कीं, पुढें साऱ्या आयुष्यांत शिकलेलें सर्व एकत्र केलें तरी त्या एका प्रसंगाची बरोबरी होणार नाहीं, असें ते म्हातारपणीं मानीत. येथेंच त्यांनीं आपल्या अनुभवांचीं टिपणें लिहून ठेवण्यास प्रारंभ केला. तींच वाढत जाऊन अध्यात्मसाधना हा त्यांचा प्रख्यात लहानसा ग्रंथ झाला, आणि पोपमहाराज तिसरे पौल यांनीं १५४८ सालीं त्यास मान्यता दिली.

१५२३ सालीं इनिगो यात्रा करीत यरुशलेमेस गेले. आयुष्य तेथेंच घालवावें ही त्यांची इच्छा होती. परंतु तेथील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या वरिष्ठांनीं परवानगी दिली नाहीं, आणि ते परतले. आतां काय करावें? आत्म्यांचें कल्याण करावयाचें तर विद्या पाहिजे, आणि लॅटिनवांचून त्या काळीं विद्या नव्हती. म्हणून १५२४ मध्यें, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, लढाया पाहिलेला हा सरदार बार्सेलोना येथें लहान मुलांच्या शेजारीं बसून क्रियापदांचीं रूपें घोकूं लागला.

विद्यार्थ्यांनीं पुढील प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावें. पाठ करावयास बसलें कीं, इनिगोच्या मनांत पवित्र विचारांची भरती येई. ईश्वरी गोष्टींचे नवे नवे अर्थ सुचत, आणि व्याकरण बाजूस राही. दुसरा कोणी असता तर यास देवाची कृपाच समजला असता. पण त्यांनीं विचार केला: मिस्सेच्या वेळीं किंवा प्रार्थनेच्या वेळीं असले विचार येत नाहींत, नेमके अभ्यासाच्याच वेळीं येतात. तेव्हां हा भक्तीचा वेष घेतलेला मोह आहे. ते आपले गुरु आर्देव्होल यांना घेऊन सांता मारिया देल मार या देवळांत गेले. सर्व हकीकत त्यांना सांगितली, आणि बार्सेलोनांत भाकरी व पाणी मिळत आहे तोंवर दोन वर्षें एकही पाठ चुकविणार नाहीं, असें वचन दिलें. त्या दिवसापासून तो मोह नाहींसा झाला. जें कर्तव्य ज्या वेळीं नेमलेलें आहे तें त्या वेळीं करणें हीच त्या वेळची प्रार्थना, हें तत्त्व त्यांनीं मुलांच्या बांकावर बसून शिकून घेतलें.

पुढें आल्कला व सालामांका येथील विद्यापीठांत ते शिकूं लागले. फावल्या वेळीं लोकांस धर्मोपदेश करीत. त्यामुळें धर्माधिकाऱ्यांस संशय येऊन त्यांना आल्कला येथें ४२ दिवस व सालामांका येथें २२ दिवस तुरुंगांत रहावें लागलें. त्यांच्या शिकवणींत दोष निघाला नाहीं, पण शिक्षण पुरें होईपर्यंत कांहीं विषयांवर बोलण्याची मनाई झाली. तेव्हां ते एकटेच पायीं चालत निघाले आणि फेब्रुवारी १५२८ मध्यें पॅरिस येथें पोंचले. आपला पाया कच्चा आहे असें पाहून तेथें ते पुन्हां एकदां मुलांबरोबर लॅटिनच्या वर्गांत बसले!

पॅरिसमधील एक गोष्ट मुराच्या प्रसंगाशेजारीं ठेवून पाहण्याजोगी आहे. त्यांनीं आपले पैसे विश्वासानें एका देशबंधु विद्यार्थ्याजवळ ठेविले होते. त्यानें ते उधळले, आणि इनिगोंवर भिक्षा मागण्याची पाळी आली. कांहीं काळानें तो विद्यार्थी रुआं शहरीं आजारी पडल्याचें कळलें. तेव्हां इनिगो अनवाणी आणि उपाशी तीन दिवस चालत तेथें गेले, त्याची शुश्रूषा केली आणि त्याला स्वदेशीं जाण्यास साहाय्य केलें. सात-आठ वर्षांपूर्वीं जो मनुष्य एका शब्दासाठीं कट्यार उपसावयास निघाला होता, तोच आतां स्वतःस बुडविणाऱ्यासाठीं धांवून गेला. विश्वास खोल गेला कीं नाहीं हें पाहण्यास याहून चांगलें माप आम्हांस सुचत नाहीं.

सांत बार्ब महाविद्यालयांत पीटर फाव्र आणि फ्रान्सिस झेवियर हे दोन तरुण त्यांचे खोलीचे सोबती झाले. फाव्र हे सौम्य वृत्तीचे; त्यांनीं इग्नेशियस यांना तत्त्वज्ञान शिकविलें आणि बदल्यांत मनःशांति मिळविली. झेवियर हे नाव्हारचे, मानी आणि महत्त्वाकांक्षी. १५२१ च्या युद्धांत त्यांचे भाऊ विरुद्ध पक्षाला होते. त्यांना वळविण्यास वर्षें लागलीं, पण इग्नेशियस यांचा धीर सुटला नाहीं. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं, पवित्र मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणीं, माँमार्त्रच्या टेकडीवरील देवळांत सात मित्रांनीं दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांचें व्रत घेतलें. पवित्र भूमीस जाण्याचा मार्ग युद्धामुळें बंद झाला, तेव्हां त्यांनीं आपणांस पोपमहाराजांच्या स्वाधीन केलें. इग्नेशियस यांस २४ जून १५३७ रोजीं व्हेनिस येथें गुरुदीक्षा मिळाली. तथापि पहिली मिस्सा अर्पण करण्यापूर्वीं त्यांनीं दीड वर्ष तयारी केली, आणि १५३८ च्या नाताळच्या रात्रीं रोम येथील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरांत, गव्हाणीच्या वेदीवर, ती अर्पण केली.

२७ सप्टेंबर १५४० रोजीं तिसरे पौल यांनीं येशूसंघास मान्यता दिली, आणि १५४१ मध्यें इग्नेशियस त्याचे पहिले वरिष्ठ झाले. हिंदुस्थानाकरितां धर्मगुरु पाठवावे अशी पोर्तुगालच्या राजाची मागणी आली. नेमलेल्यांपैकीं एक आजारी पडला. त्याच्या जागीं झेवियर यांना जाण्याची सूचना झाली, आणि ते लगोलग निघाले. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले. आपल्या परमप्रिय सोबत्यास इग्नेशियस यांनीं निरोप दिला तो कायमचाच; दोघांची पुन्हां भेट झाली नाहीं. झेवियर मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून गळ्यांत बाळगीत असत. याच संघाचे इंग्रज धर्मगुरु थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले आणि त्यांनीं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचिलें, जें १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. मानरेसाच्या त्या टिपणांचा ओघ असा आपल्या भाषेपर्यंत येऊन पोंचला.

इग्नेशियस स्वतः मात्र रोम शहरांत, थोड्या लहान खोल्यांत, शेवटपर्यंत राहिले. तेथून त्यांनीं सहा हजारांहून अधिक पत्रें लिहिलीं अथवा लिहविलीं. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं आश्रयगृह काढिलें. १५४८ सालीं मेस्सिना येथें विद्यालय सुरू केलें आणि १५५१ सालीं रोम येथें विनामूल्य शिक्षण देणारें विद्यालय उघडिलें. ज्यानें तेहतिसाव्या वर्षीं बाराखडीपासून आरंभ केला त्याला शाळेचें मोल कळलें होतें. संघांतील विद्यार्थ्यांस ते लांबलचक ध्यानधारणा लावीत नसत. चालतांना, बोलतांना, जेवतांना, अभ्यास करतांना, सर्व ठिकाणीं देव पहावा, असा त्यांचा उपदेश असे. संघ मोडला तर काय वाटेल, असा प्रश्न निघाला असतां, पाव तास प्रार्थना केल्यावर आपलें मन शांत होईल, असें त्यांनीं उत्तर दिल्याचें प्रसिद्ध आहे.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा कटाक्ष होता. ती म्हणजे रोजचें आत्मपरीक्षण. त्याची रीति त्यांनीं आपल्या ग्रंथांत व्यापाऱ्याच्या कीर्दीइतकी नेमकी सांगून ठेविली आहे. प्रथम देवाच्या उपकारांबद्दल आभार मानावे. मग आपले दोष दिसावे म्हणून कृपा मागावी. उठल्यापासून आतांपर्यंतचा काळ तासातासानें तपासावा. चुकलें त्याची क्षमा मागावी. आणि शेवटीं सुधारण्याचा निश्चय करावा. याखेरीज एखादा विशिष्ट दोष घालवावयाचा असेल तर त्यासाठीं निराळी युक्ति आहे. तो एकच दोष निवडावा. सकाळीं उठतांच त्याविरुद्ध सावध रहाण्याचें ठरवावें. दिवसास दोन, अशा आठवड्याच्या सात दिवसांसाठीं रेघा आंखाव्या. दुपारच्या जेवणानंतर, जितके वेळां चूक झाली तितके ठिपके पहिल्या रेघेवर द्यावे. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर द्यावे. मग रेघ रेघेशीं, दिवस दिवसाशीं आणि आठवडा आठवड्याशीं ताडून पहावा. चूक होतांच, कोणाच्या ध्यानांत न येईल असा हात छातीवर ठेवून पश्चात्ताप करावा. एवढेंच! ज्यांनीं सात सात तास गुडघे टेकले होते, त्यांनीं सर्वांसाठीं मागें ठेविलें तें हें थोड्या मिनिटांचें साधन.

३१ जुलै १५५६ रोजीं पहांटे इग्नेशियस यांनीं देह ठेविला. त्या वेळीं संघांत सुमारें एक हजार धर्मबंधु होते. १२ मार्च १६२२ रोजीं पंधरावे ग्रेगरी यांनीं त्यांना संतपद दिलें. त्याच समारंभांत फ्रान्सिस झेवियर यांसही तें मिळालें. जे दोन मित्र पृथ्वीवर पुन्हां भेटले नाहींत ते वेदीवर एकत्र आले.

प्रिय विद्यार्थ्यांनो, या चरित्रांतून नव्या वर्षाकरितां काय घ्यावें? तोफेचा गोळा कोणाच्याही पायावर पडावा अशी आमची इच्छा नाहीं. आणि वर पाहिलेंच कीं, गोळ्यानेंही इनिगो एका दिवसांत बदलला नाहीं. तुम्ही मोठ्या संकल्पांची यादी करूं नका. एक वही घ्या, चौदा रेघा आंखा, आणि एकच दोष निवडा: खोटें बोलणें असो, धाकट्या भावंडावर हात उगारणें असो, कीं प्रार्थनेस बसून मन क्रीडांगणावर ठेवणें असो. पहिल्या आठवड्यांत ठिपके पुष्कळ पडतील. त्यानें खट्टू होऊं नका. निराशा कोणाकडून येते हें मानरेसाच्या यात्रेकरूनें आपणांस सांगून ठेविलें आहे. आणि अभ्यासाच्या वेळीं अभ्यास करा. तीही प्रार्थनाच होय.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, लोयोलाच्या गढींत जीं दोन पुस्तकें होतीं त्यांचा विचार करावा. तीं कोणी, केव्हां, कशासाठीं आणून ठेविलीं हें इनिगोच्या बालपणीं कोणाच्या मनांतही नसेल. पण वेळ आली तेव्हां तीं घरांत होतीं. मुलाच्या हातीं कोणत्या दिवशीं काय लागेल हें आपणांस कळत नाहीं. घरांत काय असावें हें मात्र आपल्या हातीं आहे. रात्रीं सर्व मंडळी एकत्र जमून, सायंप्रार्थनेच्या अखेरीस, दोन मिनिटें स्वस्थ बसून दिवसाचा हिशेब पाहतील, तर वर्षाच्या शेवटीं त्या घरचा विश्वास भिंतीवरील ढालीप्रमाणें राहणार नाहीं. तो हातांतील रोजच्या अवजाराप्रमाणें वापरानें चकचकीत झालेला दिसेल. परमेश्वर आमच्या सर्व वाचकांस असें वर्ष देवो, हीच प्रार्थना.